मुक्या पट्ट्या

मावशीच्या बारचं दार सरळ ढकलून उघडत नसे. कडी धरून ते आधी थोडं वर उचलायचं, मग गुडघ्याने रेटा द्यायचा, तेव्हा कुठे ते मेहेरबानी करी. नवखा माणूस बाहेर धक्के मारत बसे आणि आतले सगळे ग्लास हातात धरून मजा बघत. उठून कुणी उघडायचं नाही. ज्याला उघडता आलं तो आपला, एवढाच काय तो तिथला कायदा. आत एका जातीच्या दोन खुर्च्या सापडायच्या नाहीत, कारण त्या गिऱ्हाइकांनीच आपापल्या घरातून बायकांचा डोळा चुकवून आणलेल्या. मागितलेलं पेय मावशी पहिल्या फटक्यात कधी देत नसे. तिच्या मनाला येईल ते पुढ्यात आदळी आणि कुणी कुरकुर केली की म्हणे, "तुझं तोंड बघून दिलंय, गप पी." लोकांना याचं कोण कौतुक! काय जागा आहे, काय जागा आहे, करत हिंडायचे. जागा चांगलीच होती, नाही कोण म्हणतंय? पण वाईट जागेतून माणूस निदान पळून तरी जातो. चांगल्या जागेत मुळं धरतो आणि मग त्याला वाटतं, आपण झाड झालो.

तर त्या बारमध्ये कोपऱ्यात एक पियानो होता आणि पियानोपुढे मास्तर. दिवसा ते पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करत. उसवलेलं शिवणं, ढगळ असेल ते आत घेणं, तंग असेल ते सोडणं, असली कामं. संध्याकाळ झाली की टेप गळ्यातून काढून खुंटीला लावायची आणि बारमध्ये येऊन बसायचं. शिंपी म्हणूनही ते मास्तर आणि वाजवतात म्हणूनही मास्तर, त्यामुळे हाक मारणाऱ्याला विचार करावा लागत नसे. वाजवत सुरेख. दिवसभर सुई धरून आखडलेली बोटं पियानोवर गेली की मोकळी सुटायची.

त्या पियानोच्या बरोबर मधल्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. फार पूर्वी मावशीच्या नवऱ्याने, तो होता तेव्हा, भांडणाच्या भरात दारूचं भरलेलं पिंप पियानोवर ओतलं होतं. बाकीच्या पट्ट्या वाळून शुद्धीवर आल्या, या तीन आल्या नाहीत. दाबल्या की नुसतं लाकूड खाली जायचं. मावशी म्हणाली, "पुढच्या महिन्यात बघू." पण त्याच संध्याकाळी मास्तर एक गाणं वाजवत असताना सूर त्या मुक्या पट्ट्यांपाशी आला, मध्ये एकदम भगदाड पडलं, आणि तिथे बसलेल्या पोस्टमनने थट्टेने टेबलावर थाप मारली. धाप! सगळा बार हसला. पुढच्या वेळी भगदाड आलं तेव्हा दहा-बारा हात पडले. मग तो रिवाजच झाला. गाणं कुठलंही असो, त्या तीन सुरांपाशी कुणी तोंड उघडायचं नाही, सगळ्यांनी टेबल वाजवायचं. गाण्यापेक्षा लोक त्या थापेचीच वाट बघू लागले. लांबच्या वस्तीतून माणसं केवळ थाप मारायला येऊ लागली, आणि मावशीचा पुढचा महिना काही उजाडला नाही. मास्तरांनाही त्याची घाई नव्हती. त्यांची बोटं त्या तीन पट्ट्यांवरून उडी मारून जायला शिकली होती, आणि ती उडी त्यांना स्वतःलाच आवडायची.

मास्तरांना एकच लेक. तिला सगळा बार पिपाणी म्हणे, कारण रांगत होती तेव्हापासून तिच्या गळ्यातून काही ना काही वाजतच असे. घरी पियानो ठेवायचा म्हटलं असतं तर खाट बाहेर काढावी लागली असती. म्हणून दुपारी बार बंद असताना मास्तर तिला तिथेच घेऊन बसत. मावशी खुर्च्या उलट्या करून फरशी पुसत असे आणि बापलेकीचं गाणं चाललेलं असे. त्या वेळी थापा मारायला कुणी नसायचं. मग मुके सूर आले की मास्तर स्वतः गाऊन दाखवायचे. मान किंचित वाकडी करायची, डोळे मिटायचे, आणि तो सूर गळ्यातून काढायचा. पोर तो उचलायची. बापाची मान वाकडी झाली की तिचीही व्हायची.

मास्तरांची बायको लाँड्रीत इस्त्री करी. बाई मोठी फटकळ. एकदा डबा द्यायला बारमध्ये आली, दारात उभी राहून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "अहो, लेकीला गाणं शिकवायचं तर धड बाजा तरी बघा. दात पडलेल्या माणसाकडून कुणी बोलायला शिकतं का?"

"आम्ही काय नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतले नाही," मास्तर म्हणाले. "अंगण वाकडं आहे आणि तरी आम्ही नाचतोय. आणि बाजा नसला तर नसला, माझा गळा आहे की!"

गळ्याचा त्यांना अभिमान होता. का नसावा? बारमध्ये सगळे वाहवा करत. आता ज्या बारमध्ये दार उघडता आलं म्हणून माणसाची वाहवा होते, तिथल्या वाहवेची किंमत किती, हा विचार शहाण्याने करायला हवा होता. पण वाहवा ऐकताना शहाणपण आठवलं असा माणूस अजून जन्मायचा आहे.

पिपाणी मोठी झाली. तिचा आवाज ऐकून पोस्टमनसारखा बडबड्या माणूस तोंडातला घोट गिळायला विसरायचा. दातांचा एक डॉक्टर तिथे रोज येऊन बसे. दिवसभर लोकांची तोंडं बघून त्याला बोलण्याचा वीट आलेला, म्हणून तो फारसं बोलत नसे. पण एक दिवस तो उठून मास्तरांजवळ गेला आणि म्हणाला, "हिला संगीत विद्यालयात घाला. इथे ठेवू नका." सगळ्या बारने माना वळवल्या. इथे ठेवू नका म्हणजे काय? इथे काय वाईट आहे? पण मास्तरांच्या मनात ते कधीपासूनचं घर करून होतं, फक्त बोलून दाखवायची हिंमत नव्हती. आपण जन्मभर दुसऱ्यांचे कपडे आत घेतले, बाहेर सोडले. लेकीने तरी स्वतःच्या मापाचं काहीतरी अंगावर घालावं, असं त्यांना फार वाटे.

विद्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. गाण्याच्या वर्गात दरवर्षी मोजकी मुलं घेत आणि ठरावीक वयाच्या पुढे घेतच नसत. पिपाणीचं ते शेवटचं वर्ष होतं. यंदा झालं तर झालं, नाहीतर पुन्हा दार ठोठावायचं नाही. परीक्षेसाठी विद्यालयाने एक गाणं नेमून दिलं होतं. मास्तरांनी ते छापील सुरांवरून आधी आपण बसवलं आणि मग लेकीला शिकवायला घेतलं. त्या गाण्यात मुके सूर वरचेवर येत. मास्तरांनी त्यांच्यावरच जास्त मेहनत घेतली. "भगदाड पडायला नको," ते म्हणत. "तिथे लोक थाप मारणार नाहीत हो, तिथे सूरच लागणार." मग मान वाकडी, डोळे बंद, आणि "माझ्यामागून म्हण." पुन्हा. पुन्हा. पोरीने कधी कंटाळा केला नाही. बाप जसा म्हणेल तसा, तंतोतंत, बारकाव्यासकट तिने तो सूर गळ्यात बसवून घेतला. मास्तरांच्या शिवणीला जसा टाका दिसत नसे तसा तिच्या गाण्यात जोड दिसेना.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट घातला. लेकीलाही नवा झगा. आई कामावर जाताना इतकंच म्हणाली, "आवाज ठीक ठेव. आणि बाबांना तिथे कुणाशी भांडू देऊ नकोस."

विद्यालयाची ती खोली उंच छताची होती. खिडक्या इतक्या स्वच्छ की त्यांना काचा आहेत की नाहीत हे कळू नये. एका लांब टेबलामागे परीक्षक, आणि बाजूला पियानोवर पांढऱ्या केसांच्या एक बाई. आईबापांना मागच्या बाकावर बसायची मुभा होती. मास्तर तिथे अंग चोरून बसले.

पिपाणी गायला उभी राहिली. पहिल्या ओळीतच परीक्षकांपैकी एकाने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या छातीत काहीतरी मावेना. हा आवाज आपल्या घरातला, त्या फडताळ आणि खाटेच्या मधल्या फटीत वाढलेला! मग मुके सूर आले. पिपाणीने ते घेतले. पांढऱ्या केसांच्या बाईंच्या भुवया जवळ आल्या. पुढच्या ओळीत ते पुन्हा आले आणि बाईंनी वाजवणं थांबवलं.

"पुन्हा म्हण बघू तेवढंच."

पिपाणीने म्हटलं. बाईंनी त्यांतली एक पट्टी दाबली. "हा ऐक. आता हा म्हण." पिपाणीने म्हटला. बाईंनी पुन्हा दाबली, यावेळी जरा लांबवून. पिपाणीने पुन्हा म्हटला. सगळे परीक्षक तिच्याकडे बघत होते. पिपाणीचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला, मग त्यावरचं सगळं पुसून गेलं.

मास्तरांना यात काही चुकलेलं ऐकू आलं नाही. हीच तर सगळी गोम होती. त्यांच्या कानाला लेक अगदी बरोबर गात होती. उलट त्या पियानोचाच सूर त्यांना बोचत होता. बायकोने दिलेली ताकीद विसरून ते उठले.

"बाई, ती बरोबर म्हणतेय! तुमचा पियानो चढलाय."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. बाईंनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हिला तुम्ही शिकवलंत का?"

"हो," मास्तर म्हणाले, आणि कोट सारखा केला. "सगळं मीच शिकवलं. पहिल्यापासून."

"बरं," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मास्तर बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. खूप वेळाने पिपाणी आली. "नाही झालं, बाबा."

"का? का नाही झालं?"

"जागा एकच उरली होती. दुसऱ्या मुलीला दिली."

"वशिला!" मास्तर गरजले. व्हरांड्यातली मुलं बघू लागली. "सरळसरळ वशिला! शिंप्याची पोर आत घेतली तर यांच्या गालिच्याला डाग पडेल ना! गाताना थांबवतात काय, पुन्हा म्हण काय! छळ करून बिथरवायचं आणि मग नाही म्हणायचं. हत्ती गेला आणि शेपटापाशी अडवला यांनी!"

"चला, बाबा," पिपाणी म्हणाली. तिने त्यांचा दंड धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी बारमध्ये मास्तरांनी घडलेलं सांगितलं. अर्थात त्यांनी ऐकलं तसंच सांगितलं. बार पेटला. पोस्टमन म्हणाला, त्या विद्यालयाचं टपाल तो आजपासून उलटसुलट टाकेल. एवढी वर्षं गप्प बसलेला डॉक्टर त्या परीक्षकांच्या तोंडाबद्दल काय काय बोलला, ते इथे सांगण्यासारखं नाही. मावशीने तर त्या दिवशी सगळ्यांना मागितलं तेच पेय दिलं, यावरून तिला किती लागलं होतं ते कळावं. आणि मग कुणीतरी म्हणालं, "गा गं पिपाणी, त्यांना काय कळतंय! आम्हाला ऐकव."

पिपाणीला गायचं नव्हतं. पण प्रेमाने घेरलेल्या माणसाला नाही म्हणायला जागा राहत नाही. तिने परीक्षेचंच गाणं म्हटलं. मास्तरांनी साथ केली. मुके सूर आले की तिने तोंड मिटायचं, आणि सगळा बार धाप! पुन्हा सूर आले, पुन्हा धाप! त्या दिवशी लोकांनी टेबलं फोडायचीच बाकी ठेवली होती. राग होता ना. गाणं संपलं तेव्हा पोस्टमन डोळे पुसत होता. त्या गाण्यात एकही सूर चुकला नव्हता. कसा चुकेल? चुकणारे तेवढे सूर बारने आपल्या हातांखाली झाकून टाकले होते.

"ऐकलंत?" मास्तर ओरडले. "ऐकलंत ना? यात काय कमी आहे, सांगा मला!"

"काही नाही," सगळे एकसुरात म्हणाले.

पिपाणी आपल्या बापाकडे बघत होती. मास्तरांना वाटलं, पोरीला उमाळा आला असेल.

नंतर मावशीच्या मनाने घेतलं, की आपण वेळेवर बाजा दुरुस्त केला असता तर पोरीला सराव करायला बरं पडलं असतं. चांगली बाई. चांगल्या माणसांना शहाणपण नेहमी उशिरा सुचतं आणि मग ती ते मोठ्या उत्साहाने अमलात आणतात. तिने पोस्टमनला, डॉक्टरला विश्वासात घेतलं आणि मास्तरांना न सांगता एका दुपारी पियानो दुरुस्त करणारा माणूस बोलावला. मास्तरांना दुकानात निरोप पाठवून बोलावून घेतलं तेव्हा तो हाडकुळा माणूस पियानोच्या पोटातून बाहेर येऊन हात पुसत होता. पिपाणी काउंटरपाशी ग्लास पुसत होती. मावशीला मदत म्हणून ती हल्ली दुपारची तिथेच असे.

"मास्तर, डोळे मिटा," मावशी म्हणाली. "आता उघडा. दाबा बघू ती मधली पट्टी!"

मास्तर हसत पुढे झाले. एवढ्या वर्षांनी! त्यांनी बोट ठेवलं. सूर निघाला. मास्तरांचं हसू मावळलं.

"चढलाय," ते म्हणाले.

"नाही हो," हाडकुळा माणूस म्हणाला.

"चढलाय म्हणतो ना. तिन्ही चढलेत. जरा उतरवा." आणि त्यांनी मान वाकडी केली, डोळे मिटले, आणि गाऊन दाखवलं. "हा असा."

हाडकुळ्या माणसाने पिशवीतून सूर जुळवायचा लोखंडी काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि मास्तरांच्या कानाशी धरला. मग पट्टी दाबली. काटा आणि पट्टी एक झाली. "आता तुम्ही म्हणा." मास्तर म्हणाले. ते कुणाशीच एक झाले नाहीत. त्यांचा सूर दोघांच्या किंचित खाली लोंबकळत राहिला, उसवलेल्या अस्तरासारखा.

"काटा खराब आहे तुमचा."

त्या माणसाने वाद घातला नाही. त्याने नुसती वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली, मग मधली दाबली, मग दोन्ही एकदम. "हाच सूर वर आहे, बघा. ही काही मुकी नव्हती. एवढी वर्षं ही दाबून सूर घेता आला असता." तो सहज बोलून गेला. त्याला काय माहीत आपण काय बोललो.

मास्तर त्या वरच्या पट्टीकडे बघत राहिले. रोज संध्याकाळी ती त्यांच्या बोटाखाली यायची. पण खाली आपला गळा असताना वर कशाला जायचं? हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांनी वळून लेकीला हाक मारली.

"पिपाणी, तू सांग याला. तुझा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. चढलाय ना?"

पिपाणीने ग्लास खाली ठेवला. "बरोबर आहे, बाबा."

"काय बरोबर आहे?"

"पियानो बरोबर आहे. तिथला पण बरोबर होता."

मावशी फडकं हातात धरून जागच्या जागी उभी राहिली. मास्तरांनी विचारलं, "मग त्या बाईंनी... तुला आत काय सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं की गळा फार चांगला आहे. हे तीन सूर तेवढे खाली लागतात. घाबरून लागले असते तर त्यांनी घेतलं असतं. पण हे घोटून बसवलेत, म्हणाल्या. ते मोडून नव्याने बसवण्यापेक्षा कोऱ्या मुलीला शिकवणं सोपं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस. मी वशिला, वशिला करत गावभर बोंबलत फिरलो."

"कसं सांगू तुम्हाला?"

पण बापाचं मन, ते इतक्यात हार मानत नाही. त्यांनी ओढून स्टूल जवळ घेतलं. "ठीक आहे. झालं ते झालं. आता बाजा दुरुस्त आहे. नव्याने शिकू. मी गाणार नाही, नुसती पट्टी दाबीन. तू त्याच्यावरून घे. त्या विद्यालयाने नाही घेतलं तर दुसरीकडे बघू. बस इथे."

"मी करून बघितलंय, बाबा." तिचा आवाज अगदी साधा होता, आणि म्हणूनच तो ऐकवेना. "त्या दिवसापासून रोज दुपारी, ही वरची पट्टी दाबून. मावशीला विचारा. मला दोन्ही ऐकू येतात. बरोबर कुठला तेही कळतं. पण तोंड उघडलं की तुमचाच येतो."

मास्तरांनी पियानोचं झाकण लावलं. मग त्यांना वाटलं, आपण काहीतरी म्हणायला हवं. माफ कर म्हणायला हवं. पण ज्या गळ्याने हे करून ठेवलं त्याच गळ्यातून माफीही काढायची, याची त्यांना शिसारी आली.

पिपाणीने पुसलेले ग्लास फळीवर लावले. "मी उद्यापासून आईबरोबर जाणार आहे, लाँड्रीत. त्यांना माणूस हवाय. आईला सांगितलंय मी."

"गाणं?"

"नको आता," ती म्हणाली. "तुमच्यावर रागावले नाही मी, बाबा. पण नको." आणि दार वर उचलून, गुडघ्याने रेटा देऊन ती निघून गेली.

संध्याकाळी बार गच्च भरला. पियानो दुरुस्त झाल्याची बातमी पोस्टमनने घरोघर वाटली होती, टपालाच्या आधी. सगळे मास्तरांच्या आनंदात सहभागी व्हायला आले होते. मावशीला दुपारचं ठाऊक होतं, पण ती कुणाला बोलली नाही. आणि बोलणार तरी काय? डॉक्टरने विचारलं, "पिपाणी कुठाय?" मास्तर म्हणाले, "घरी." आणि ते वाजवायला बसले.

त्यांनी ठरवलं होतं, आज परीक्षेचं गाणं वाजवायचं. सबंध, भगदाड न पाडता. लेकीच्या गळ्यात जे नीट बसवता आलं नाही ते निदान एकदा नीट ऐकायचं, सगळ्यांना ऐकवायचं. सुरुवात छान झाली. बोटं मोकळी सुटली. मुके सूर जवळ आले, आता मुके कसले, चांगले बोलते सूर, आणि मास्तरांनी श्वास रोखला. बोटं त्यांच्यावरून उडी मारून गेली.

धाप! सगळ्या बारने टेबल वाजवलं.

मास्तर थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी नजर पट्ट्यांवरून हलवली नाही. ती जागा आली, त्यांनी बोट रेटून खाली आणलं, आणि तरी बोट पलीकडच्या पट्टीवर जाऊन पडलं, इतक्या वर्षांच्या सवयीने, शिस्तीत. धाप! लोक खूष झाले. त्यांना वाटलं, मास्तर मुद्दाम हुलकावणी देतायत.

"मारू नका!" मास्तर उठून ओरडले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हात खाली ठेवा! तिथे सूर आहे! तिथे सूर आहे, कळत नाही का तुम्हाला? ऐका तरी एकदा!"

क्षणभर कुणाला कळेना. मग पोस्टमन हसू लागला. त्याच्या पाठोपाठ सगळे हसले. मास्तरांना असं चिडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या बारमध्ये जे कधी पाहिलं नाही ते गमतीचंच असायचं. नव्या गिऱ्हाइकांनी तर टाळ्या वाजवल्या. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "मी सांगितलं नव्हतं? काय जागा आहे!"

मावशी काउंटरमागून पाहत होती. तिला हसू येत नव्हतं, पण बार भरलेला होता आणि लोक खुशीत होते. ती पुढे आली, मास्तरांपुढे त्यांनी न मागितलेलं काहीतरी ठेवलं आणि हळूच म्हणाली, "बसा, मास्तर. लोक बघतायत. वाजवा."

मास्तर बसले. दुसरीकडे जाऊन बसायला त्यांना जागा कुठे होती? त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. त्या जागेपाशी बोटं उडी मारून गेली, आणि एकही हात न चुकता सगळ्या बारने टेबल वाजवलं.